पुणे–नाशिक रेल्वे: संगमनेर वगळून नेलेली गाडी कुणाच्या कामाची?

संगमनेरकर
काल इथे एकाने लिहिलं, "गाडी नारायणगाववरून जावो की अहिल्यानगर-शिर्डीवरून, मिळतेय ना? मग रडता कशाला?" दिवसभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

मूळ मार्ग २३५ किलोमीटरचा होता. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर आणि पावणेदोन तासांत नाशिक. मंचरपासून संगमनेरपर्यंत आजही एका गावाने रूळ पाहिलेला नाही. नगरला दौंड-मनमाड लाइन १८७८ पासून आहे, शिर्डीलाही गाड्या जातात. मग ज्यांच्याकडे आहे त्यांनाच आणखी एक, आणि आमच्या वाट्याला पुन्हा भोपळा? सिन्नरकडे तर या मार्गासाठी जमिनींची खरेदीखतंही झाली होती.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना पुण्याला ऑपरेशनला नेत होतो. पहाटे चारला निघालो आणि चाकणला अडकलो. वडिलांच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट, समोर कंटेनरचा मागचा दरवाजा. तासाच्या वर तोच दरवाजा बघत बसलो, त्यावरचा नंबर अजून पाठ आहे. ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. आता म्हणा, रडता कशाला.

नगरी
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण "ज्यांच्याकडे आहे" हे चुकीचं बोललात. नगरहून रेल्वेने पुण्याला जायचं तर आधी सरळ खाली दौंडला जायचं, मग तिथून वळायचं. दौंड स्टेशनात न शिरता जाणारी कॉर्ड लाइन झाली, इंजिन फिरवायचा वेळ वाचला, पण वळसा तसाच राहिला. माझी मुलगी दर रविवारी रात्री बसने पुण्याला जाते आणि वाघोली ओलांडल्याचा फोन येईपर्यंत आम्ही दोघं जागे असतो. संगमनेरही आमच्याच जिल्ह्यात आहे, दादा. एवढा परकेपणा बरा नाही.

संगमनेरकर
नगर-पुणे थेट लाइन तुमच्या हक्काची आहे, त्यासाठी मीही सही करतो. फक्त तिला पुणे-नाशिक रेल्वे म्हणू नका.

खगोलवेडा
मार्ग बदलला तो नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे, हे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलंय. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत तिथे, पसारा २५ किलोमीटरचा. इंजिनाच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, म्हणजे पेंटोग्राफ, तारेला घासून ठिणगी उडते, त्यातून रेडिओ लहरी निघतात. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की त्या गोंगाटात तो हरवून जातो. ही दुर्बीण जगाची ठेव आहे. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही, रूळ नेता येतात.

टोमॅटोवाला, जुन्नर
जगाची ठेव, आणि राखण आम्ही करायची! परिसरात मोठा कारखाना काढायचा तर यांचा ना-हरकत दाखला लागतो. चाकणला कंपन्या आल्या, आमची पोरं तिथे खोल्या घेऊन राहतात, गावात म्हातारी माणसं उरली. आता रेल्वेही नाही. नारायणगावला रात्री टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या गाड्या उभ्या असतात. घाटात एक ट्रक बंद पडला की सकाळचा बाजार चुकतो आणि माल निम्म्या भावात जातो. तुमचे तारे थांबतील हो, टोमॅटो थांबत नाही.

खगोलवेडा
"तुमचे तारे" म्हणू नका. मी मंचरचाच. सातवीत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सरांनी खोडदला नेलं होतं. मला वाटलं होतं भरीव तवा असेल, तर ती तारांची जाळी! त्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. ती हळूहळू कलायला लागली तेव्हा आमचा अख्खा वर्ग गप्प झाला. त्या दिवसामुळे मी फिजिक्सला गेलो. २०२३ साली पल्सार नावाच्या, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणांतून गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा पुरावा मांडला गेला, त्यात या अँटेनांचा वाटा होता. सह्याद्रीच्या डोंगरांची आड आणि शांत परिसर म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली.

टोमॅटोवाला, जुन्नर
तुम्ही शिकलात, पुढे गेलात, चांगलं झालं. मागे राहिलेल्यांचं काय, ते सांगा. तेवढ्या पट्ट्यात डिझेल इंजिन लावा, नाहीतर बोगदा करा. शोधायचं म्हटलं की उपाय सापडतो.

खगोलवेडा
डिझेलने फक्त ठिणगीचा प्रश्न सुटतो. डब्यातले शेकडो मोबाईल, सिग्नलची वायरलेस यंत्रणा, त्याचं काय? बोगद्याचं मात्र खरं आहे, डोंगराखालून गेलं तर बराच गोंगाट अडेल. खर्च वाढेल, पण या मुद्द्यावर मी अडून बसणार नाही.

टोमॅटोवाला, जुन्नर
मग हे आधीच म्हणायचं होतं.

हुतात्माचा प्रवासी
तुम्ही भांडताय ती गाडी अजून कागदावर आहे. नगर-बीड-परळी नव्वदच्या दशकात मंजूर झाली, बीडला गाडी पोहोचायला २०२५ उजाडलं. आमची पुणे-भुसावळ हुतात्मा एक्सप्रेस पनवेल-कल्याणमार्गे नाशिकरोडला यायची. खंडाळ्याचा घाट उतरायची, कसाऱ्याला चढासाठी मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं लागायची, धक्का बसला की झोपलेली पोरं जागी व्हायची. वेळ लागायचा, पण आजी डबा उघडून निवांत बसायची. ती दौंड-मनमाडकडे वळवली आणि नाशिक सुटलं. नवी लाइन होईल तेव्हा होईल, जुन्या रुळांवरची गाडी उद्या सुरू करता येते. ती कुणीच मागत नाही, याचा संताप येतो.

संगमनेरकर
तुमची मागणी रास्त आहे, पण हुतात्मा संगमनेरला येत नव्हती, काका. नगरचंही मान्य. खोडदचंही मान्य करतो, जड मनाने. दुर्बिणीला वळसा घाला, बोगदा काढा, आळेफाट्याच्या अलीकडे-पलीकडे सरका. पण वळसा खोडदला घाला. आख्ख्या संगमनेर तालुक्याला कशासाठी?

नगरी
एवढ्यावर माझी सही घ्या. आमची लाइन वेगळी मागू.