फ्लोरेन्समध्ये हॉप-ऑन हॉप-ऑफ बस घ्यावी का? सोबत आईबाबा आहेत

कोथरूडची_मीनल:
मंडळी, मे महिन्यात इटलीला चाललोय, त्यात फ्लोरेन्सला दोन दिवस. आईबाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात आणि बाबा "मी चालतो गं" म्हणतात न म्हणतात तोच बाक शोधायला लागतात. भाऊ रोमला जाऊन आला, त्याचं तिथे डबलडेकर हॉप-ऑन बसवर (एकाच तिकिटावर हवं तिथे उतरा, पुन्हा चढा) मस्त भागलं, म्हणून इथेही चोवीस तासांचं तिकीट काढून टाकावं म्हणते. वर्थ आहे का की पैसे पाण्यात?

फिरस्ता_ठाणे:
रोमचा हिशोब इथे लावू नका. रोम पसरलंय, फ्लोरेन्सचं जुनं गाव एवढुसं, ड्युओमोपासून, म्हणजे मोठ्या चर्चपासून, पोंते वेक्यो पूल रमतगमत दहा-बारा मिनिटं. आणि त्या गल्ल्यांत ही बस शिरतच नाही, बऱ्याच भागात गाड्यांनाच बंदी आहे, त्यामुळे ती कडेकडेने फिरते आणि ज्यासाठी गेलात ते बघायला उतरून चालावंच लागतं. आम्ही सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ चढलो, मधे एकदा उतरलो आणि पुढच्या बसची वाट बघत चाळीस मिनिटं भर उन्हात उभे. बायको अजून ऐकवते.

अर्धा_कप_कॉफी:
ठाणेकरांचं खरंय, पण टेकडीसाठी बस कामाची आहे हो. टेकडीवरच्या पियाझ्झाले मिकेलांजेलो चौकाला चढून जायचं तर तुमच्या आईंचे गुडघे संपले, बस थेट वर सोडते. फ्लोरेन्स 1865 ते 71 इटलीची राजधानी होतं तेव्हा पोग्गी नावाच्या आर्किटेक्टने हा चौक आखला, मधे मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याची ब्राँझची कॉपी. ड्युओमोच्या घुमटाला 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, म्हणजे आईबाबांना वरून शहर दाखवायचं तर हाच चौक, संध्याकाळी जा. जवळच्या फिएझोले गावचं रोमन थिएटर बघायचं असेल तर साधी 7 नंबरची सिटी बस जाते, त्यासाठी महागडं तिकीट नको. आणि उफीत्झी, म्हणजे तिथलं मोठं कलासंग्रहालय, सोमवारी बंद असतं, दिवस बघून ठेवा.

पंचगंगा_घाट:
एवढं सगळं सांगितलंत आणि आमच्या महाराजांचं कुणी नावच काढंना! ताई, फ्लोरेन्सला कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक आहे. इंग्लंडहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला तिथंच वारले, जेमतेम वीस वर्षांचं वय. दहनाची पद्धत तिकडं नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. आता कास्चिने पार्कच्या पार टोकाला घुमटीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, आणि ती घुमटी आखणारा मेजर मँट म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचाच आर्किटेक्ट. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच पोंते आल'इंदियानो, त्या 'इंडियन'चा पूल. मी गेलो तेव्हा पुतळ्यासमोर पाच मिनिटं नुसता उभा राहिलो, एक इटालियन आजोबा कुत्र्याला घेऊन आले, मी हाताने खूण करून "माझं गाव" म्हणालो, त्यांना काय कळलं देव जाणे पण त्यांनी टोपी काढली.
ट्रामला कास्चिने नावाचा स्टॉप आहे पण तो पार्कच्या अलीकडच्या टोकाला, तिथून छत्री चांगली तीनेक किलोमीटर. आईबाबांना सरळ टॅक्सीने न्या आणि तीच थांबवून ठेवा.

कोथरूडची_मीनल:
अय्या, बाबा मूळचे गडहिंग्लजचे! आत्ताच वाचून दाखवलं तर म्हणाले उफीत्झी राहू दे पण हे बघायचंच. मग एक संध्याकाळ टेकडी, एक सकाळ छत्री, बाकी गावात जमेल तेवढं, तिकीट कॅन्सल. @पंचगंगा_घाट दादा, तिथे सावली आहे का, मे महिना आहे म्हणून विचारते.

पंचगंगा_घाट:
झाडीच झाडी आहे, काळजी नको. पाण्याची बाटली तेवढी घ्या. आणि बाबांना म्हणावं फोटो काढला की इथं टाका.