गेम कधी खेळलोच नाही, तर 'मॉन्स्टर हंटर ओराज'चा रिव्ह्यू लिहू का?

अर्धवट_वाचक

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. आमच्या कॉलेजच्या भित्तीपत्रकाचा यावेळचा विषय आहे चित्रकथा. मी सरांना हो म्हणून बसलो की मी एका मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर लिहितो. ती मांगा म्हणजे हिरो माशिमा या चित्रकाराची 'मॉन्स्टर हंटर ओराज', चारच व्हॉल्यूम आहेत म्हणून निवडली, खोटं कशाला बोलू. बाकीच्यांनी सत्तर-ऐंशी व्हॉल्यूमवाल्या घेतल्यात आणि आता रडतायत.

तर दोन दिवसांत वाचून झाली. मला आवडली राव! शिकी नावाचा पोरगा, हंटर आहे, गुरूचं अर्धं राहिलेलं स्वप्न डोक्यात घेऊन म्यो गारुना नावाच्या ड्रॅगनच्या मागावर निघालाय, जो आहे की नाही याचीच लोकांना खात्री नाही. वाटेत आयली भेटते, ती नामांकित लोहाराची मुलगी, तिला बापाच्या तोडीचं हत्यार घडवायचंय. मग आणखी मंडळी जमत जातात, मारामाऱ्या, दंगा, एक बोलणारं मांजर. फास्ट जाते. शेवट मात्र असा येतो की एसटी अजून थांबली नाही तोवर कंडक्टर म्हणतो उतरा.

प्रॉब्लेम असा की ही मांगा 'मॉन्स्टर हंटर' या व्हिडिओ गेमवरून काढलेली, आणि माझा रूममेट पक्का मॉन्स्टर हंटरवाला आहे. तो म्हणतो तू गेमला हात लावलेला नाहीस, तुला रिव्ह्यू लिहायचा हक्कच नाही, आणि वर म्हणतो ही मांगा म्हणजे गेमचं नाव लावलेली दुसरीच कुठलीतरी गोष्ट आहे. मला कळत नाहीये की गेम बाजूला ठेवून नुसतं पुस्तक म्हणून लिहावं, का आधी गेम समजून घ्यावा. शुक्रवारी द्यायचंय.

पोके_गावकरी

हक्क वगैरे काही नसतं भावा, बिनधास्त लिही. पण रूममेट अगदीच चुकीचं बोलत नाहीये. त्याला काय खुपतंय ते मी सांगतो, कारण मी 2009 पासून हा रोग पाळून आहे.

आमच्या हॉस्टेलवर तीन पीएसपी होते, म्हणजे सोनीची हातात धरून खेळायची मशीनं, आणि त्यावर मॉन्स्टर हंटरचा 'फ्रीडम युनाइट' हा गेम. तेव्हा नेटवरून बिटवरून एकत्र खेळायची भानगड नव्हती, शेजारी शेजारी बसायचं आणि मशीनला मशीन जोडायचं. लोडशेडिंग सुरू व्हायच्या आधी सगळे चार्जिंगला लावून ठेवायचे आणि लाइट गेली की एका कॉटवर तिघं, अंधारात तीन तोंडं निळी. पीएसपीला काडी एकच, त्यामुळे डावा अंगठा चालायला आणि त्याच हाताचं पहिलं बोट वाकडं करून वरच्या बटणांवर कॅमेरा फिरवायला, खेकड्याच्या नांगीसारखा हात. सकाळी प्रॅक्टिकलला पेन धरवत नसे.

आता गेममध्ये असतं काय ते बघ. सुरुवातीलाच एक साधं काम देतात, बर्फाच्या डोंगरावर जा, पोपो नावाची मॅमथसारखी जनावरं आहेत, त्यांच्या तीन जिभा आण. तू आपला निवांत जातोस, थंडीत दम लवकर संपतो म्हणून गरम काढा पिऊन जातोस, पोपो मारतोस, खाली वाकून जीभ कापायला घेतोस आणि वरून टायग्रेक्स नावाचा भलामोठा मॉन्स्टर येतो. म्युझिक बदलतं. तुझ्या अंगावर चामड्याचं काहीतरी फाटकं, हातात गंजकी तलवार, दोन फटक्यांत आडवा. मग मांजरं तुला हातगाडीवर टाकून कॅम्पवर आणून ओततात. तीनदा गाडीवर आलास की काम रद्द.

त्याला तेव्हा मारायचं नसतंच, पळायचं असतं. तू परत येतोस पन्नास-साठ तासांनी, आणि मधल्या काळात तुझी लेव्हल वाढलेली नसते, कारण या गेममध्ये हंटरची लेव्हल वाढून अंगात ताकद येते असला प्रकारच नाही. वाढलेलं असतं ते सामान, आणि तुझी नजर. तो धावत येतो तेव्हा कुठं वळतो, वळल्यावर किती वेळ उभा राहतो, चिडला की पुढच्या पायांवर लाल शिरा कशा उठतात. मॉन्स्टरच्या डोक्यावर रक्ताची पट्टी दिसत नाही, तो लंगडायला लागला की समजायचं आता आलाय जवळ. मग तो लंगडत गुहेत झोपायला जातो आणि तुम्ही तिघं दबकत मागून जाता, आणि खरं सांगतो, त्या क्षणी दर वेळी थोडं वाईट वाटतं.

ओराजमध्ये हे वाईट वाटणं मला मिळालं नाही. मॉन्स्टर भारी काढलेत, पण ते हिरोच्या वाटेतले अडथळे आहेत, आला, गरजला, पडला. गेममध्ये ते जनावर असतं. त्याला भूक लागते, झोप लागते, राथालोस आणि राथियान ही नर-मादीची जोडी, त्यांचं घरटं, तू त्यांची अंडी पळवतोस तेव्हा ते अंडं दोन हातांत धरून धापा टाकत चालावं लागतं आणि चोर नेमका कोण हे तुला पक्कं माहीत असतं.

एवढं बोलून एक गोष्ट मात्र ओराजच्या बाजूने. हिरोच्या टोळीत लोहाराची पोरगी घेतली हे माशिमाचं खरं डोकं. हा माणूस स्वतः गेमचा चाहता आहे आणि ते तिथं दिसतं, बाहेरचा कुणी असता तर त्यानं हमखास राजकन्या घेतली असती.

शाईचे_डाग

गावकरी दादांनी गेम सांगितला, मी कागदाची बाजू सांगते, कारण रिव्ह्यू शेवटी मांगाचा आहे.

माशिमा ओराज काढत होता तो काळ बघ, 2008-09. तेव्हा त्याची 'फेअरी टेल' ही दुसरी मांगा दर आठवड्याला चालू होती, 2006 ला सुरू झालेली. म्हणजे आठवड्याचं काम सांभाळून वर हे महिन्याचं काम, त्याच प्रकाशकाच्या, कोदान्शाच्याच 'शोनेन रायव्हल' नावाच्या मासिकात, आणि ते मासिकही 2008 लाच निघालेलं, कोरं करकरीत. नव्या मासिकाला मोठं नाव लागतं, कॅपकॉम कंपनीचा हा गेम तेव्हा जपानात पीएसपीवर तुफान चाललेला, म्हणजे दोघांची गरज जमली. हे माहीत असलं की 'चारच व्हॉल्यूम का' याचं आश्चर्य वाटत नाही. मला उलट वाटतं की चारात ड्रॅगनपर्यंत नेऊन गोष्ट पूर्ण केली हेच खूप, अशा कितीतरी मांगा मध्येच लटकवून बंद पडतात.

त्याचे चेहरे सगळीकडे सारखे असतात हा आरोप मात्र खराच आहे गं बाई. शिकीला बघितलं की फेअरी टेलचा हिरो नात्सू केस बदलून आलाय असं वाटतं. गंमत म्हणजे 2018 ला त्यानं 'एडन्स झीरो' सुरू केली, तिच्या हिरोचं नावही शिकीच! नाव आवडलेलं दिसतंय.

पण तू आता एक कर, पुस्तक परत उघड आणि या वेळी चेहरे सोडून कपडे बघ. गेममध्ये तू ज्याला मारतोस त्याचंच चिलखत शिवून घालतोस, खवले, नख्या, हाडं, सगळं. त्यामुळे हंटर नुसता येऊन उभा राहिला तरी जाणकाराला कळतं की यानं काय काय मारलंय. आमच्याकडे नाही का, लग्नात मावश्या दुरूनच साडीचा काठ बघून सांगतात पैठणी कुठली आणि खरी की सेमी, तसंच. आता हे खवल्याखवल्याचं चिलखत गेमवाल्यांनी एकदा बनवून ठेवलं की झालं, काढणाऱ्याला ते प्रत्येक चौकटीत पुन्हा काढावं लागतं. मी एकदा सराव म्हणून एका चिलखताचं पान काढायला बसले होते, संध्याकाळी सहाला बसले आणि रात्री दीडला एक खांदा झाला होता. खांदा! तेव्हापासून मी या मांगाला 'घाईत काढलीय' म्हणत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मोठा मॉन्स्टर आला की दोन पानं मिळून एक चित्र, ठीक, छाती दडपते. पण असं मोठं चित्र वारंवार आलं की पुढच्या वेळी मी नुसतं पान उलटते. मोठा प्राणी मोठा वाटायला शेजारी काहीतरी लहान आणि शांत लागतं, आणि शांत पानं इथं फार कमी आहेत. शिकारीच्या आदल्या रात्रीची चार पानं, धार लावतोय, मांस भाजतोय, एवढं असतं तरी मी खूश झाले असते.

(आणि मी सेट मागवला होता त्यात तिसरा व्हॉल्यूम आलाच नाही, दुसरा दोनदा आला. दुकानाचं नाव घेत नाही. सहा महिने मी दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारून बसले होते आणि मला वाटायचं हीच त्याची शैली आहे.)

हातगाडीवरचा

ताई तिसऱ्या व्हॉल्यूमचं वाचून चहा सांडला 😂

पण मी रूममेटच्या पार्टीत. गेमचं नाव लावलं की गेमची चव यायलाच पाहिजे. 2020 चा पिक्चर आठवा, मिला योवोविचवाला. मॉन्स्टर हंटरमध्ये अमेरिकन सैनिक आणि मशीनगन कशाला? ओराज त्याच्यापेक्षा शंभर पट बरी, निदान त्याच जगात राहते. तरी पण.

पोके_गावकरी

@हातगाडीवरचा, चव म्हणजे नेमकं काय पण? एकच टायग्रेक्स वीस वेळा मारायचा, कारण पाहिजे तो तुकडा पडतच नाही, हीच खरी चव. ती कागदावर आणलीस तर वीस वेळा तेच प्रकरण छापावं लागेल, कोण घेईल? आणि गेममध्ये, निदान त्या काळच्या, गोष्ट अशी नव्हतीच, तुझा हंटर तोंडातून शब्द काढत नाही. माशिमाला सगळी माणसं स्वतःच आणावी लागली. मला म्हणायचंय ते एवढंच की माणसं आणताना जनावर थोडं मागे पडलं. गोष्ट घातली म्हणून माझं भांडण नाही, ती कुठं घातली त्यावर आहे.

अर्धवट भावा, तू हेच लिही की. न खेळलेल्या माणसाला शिकारीची भीती वाटली का? वाटली असेल तर कुठल्या पानावर, नसेल तर का. हे आम्ही लिहू शकत नाही, कारण आम्हाला नुसतं नाव वाचलं तरी अंगठा दुखायला लागतो.

हातगाडीवरचा

बरं हे पटलं. अर्धं.

अर्धवट_वाचक

सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष, मी खरंच परत उघडून कपडे बघत बसलो आणि रूममेटला शेजारी बसवलं. तो प्रत्येक चौकटीला बोट ठेवून हे कशाचं, ते कशाचं सांगत सुटला. ज्या मांगाला शिव्या घालत होता तीच मांडीवर घेऊन रात्री एकपर्यंत. मध्ये एकदा आयलीच्या पानावर थांबला आणि म्हणाला, "हां, हे बरोबर आहे," आणि पुढचं पान उलटलं, विषय संपला.

गावकरी दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की मला भीती कुठंच वाटली नव्हती. शिकी मरणार नाही हे मला पहिल्या पानापासून माहीत होतं. मॉन्स्टर मोठा दिसला, पण त्याच्यासमोर मी नव्हतो, शिकी होता. तिथून सुरुवात केलीय, दीड पान झालंय, आयलीवर एक परिच्छेद वेगळा टाकलाय.

आणि काल रूममेटनं त्याच्या जुन्या मशीनवर तुमचंच ते जिभांचं काम लावून दिलं. दोन जिभा मिळाल्या. तिसऱ्या पोपोपाशी वाकलो होतो, म्युझिक बदललं, आणि मी मशीन त्याच्या हातात देऊन पाणी प्यायला निघून गेलो. परत आलो तर तो म्हणाला, "गाडीवर आहेस." रिव्ह्यू शुक्रवारी देतो, पण एक जीभ अजून बाकी आहे.