जुन्या हॉटेलांतली भुतं: तुमचे अनुभव सांगा

मसुरीचं सॅव्हॉय हॉटेल १९०२ सालचं. १९११ मध्ये तिथे फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाची बाई विषाने मेलेली सापडली. विष कोणी घातलं ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि तेव्हापासून म्हणे ती तिथे फिरते. दोन रात्री राहून आलो, बाईंनी काही दर्शन दिलं नाही. तरी रात्री बाथरूमला जाताना मी बायकोला उठवलंच. तुमचंही येऊ द्या. अट एकच, अनुभव स्वतःचा हवा. मित्राच्या मावसभावाचा नको.

*

आम्ही कोलोरॅडोतल्या स्टॅन्ली हॉटेलात राहिलो होतो. तिथली २१७ नंबरची खोली प्रसिद्ध आहे. १९११ मध्ये गॅस गळत असताना सफाईवाली मेणबत्ती घेऊन आत गेली आणि स्फोट झाला. ती वाचली, पण आता तिचं भूत पाहुण्यांचं सामान आवरून ठेवतं म्हणतात. (१९७४ मध्ये भयकथा लिहिणारे स्टीफन किंग याच खोलीत उतरले होते. त्यांच्या 'द शायनिंग' कादंबरीचं बीज तिथलंच.) आमची खोली दुसरी होती. मुद्दाम बॅग उघडी टाकून झोपले, सकाळी पसारा जसाच्या तसा! असलं भूत माझ्या नशिबात नाही.

*

मला मात्र भेटलं. पहाटे जाग आली तर छातीवर कोणीतरी बसलेलं, हात हलेना, ओरडता येईना. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हा स्लीप पॅरालिसिस. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि ते पुन्हा हलते होण्याआधीच मेंदू जागा होतो. पटलं. त्या हॉटेलात परत गेले नाही ते नाहीच.

*

इंजिनियर आहे, म्हणून थोडं विरजण घालतो. विक टँडी या ब्रिटिश इंजिनियरला प्रयोगशाळेत डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची. १९९८ च्या लेखात त्याने कारण दिलं: पंख्यामुळे तयार होणारा, कानाला ऐकू न येणारा १९ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी. पंख्यात बदल केला, भूत गेलं. जुन्या इमारतीत तर पाइप ठकठक वाजतात, रात्री गारव्याने लाकूड आकसून कुरकुरतं.

*

मी एका जुन्या हॉटेलात रात्रपाळीला रिसेप्शनवर होतो. रिकाम्या खोलीतून फोन यायचे, त्याचं कारण ओल आलेली वायर. ते मिटलं. राहिली ती एकच गोष्ट. तिथल्या सफाईच्या मावशी रिकाम्या खोल्या किल्ली लावून सरळ उघडायच्या. फक्त कोपऱ्यातल्या एका खोलीवर आधी दोनदा टकटक करायच्या आणि थोडं थांबायच्या. कारण विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. शेवटी शेवटी तर मीही टकटक करायला लागलो होतो.