‘स्टार ट्रेक’ : चारचौघांना न पटणारं तुमचं मत कोणतं?

बेळगावात ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातल्या सफरींची अमेरिकन मालिका बघणारे आपण किती, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर कर्क आणि स्पॉक यायचे, तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता. अमेरिकेत पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ ला लागला आणि ७९ भागांनंतर ती मालिका बंदही पडली, हे फार उशिरा कळलं. आम्हाला ती ताजीच होती. आता खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे दहा-बाराजण महिन्यातून एकदा टिळकवाडीत माझ्याकडे जमतात. चहा होतो, कुंदा संपतो, मग वाद सुरू होतो. वादही तोच, पहिल्या मालिकेतला कप्तान कर्क मोठा की नंतरच्या मालिकेतला कप्तान पिकार्ड. म्हणून गेल्या वेळी ठरवलं, की इतर चाहत्यांपुढे काढायला जीभ अडखळते असं एक मत प्रत्येकानं लिहायचं. नुसतं मत नको. ते कुठून आलं, तेही हवं. तुम्हीही लिहा. सुरुवात मी करतो.

टिळकवाडी

माझं मत : माकी बरोबर होते.

‘स्टार ट्रेक’मधलीच नंतरची मालिका ‘डीप स्पेस नाइन’ ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेडरेशन, म्हणजे माणसांसकट अनेक ग्रहांचा संघ, आणि कार्डॅशियन हे परग्रहावरचे लोक यांच्यात तह होतो, नकाशावर नवी रेघ पडते आणि फेडरेशनच्या काही वसाहती रेघेपलीकडे जातात. तिथल्या लोकांना सांगतात, उठा, दुसरा ग्रह देतो. जे उठत नाहीत आणि पुढे हत्यार उचलतात, ते माकी. १९९४ मध्ये हे दोन भागांत आलं. बहुतेक चाहत्यांना ही माणसं आडमुठी वाटतात. अख्खं अंतराळ मोकळं असताना त्याच मातीला काय चिकटायचं, म्हणतात.

माझ्या आजोबांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. खानापूर तालुक्यातल्या शेताचे कागद त्यात एकावर एक ठेवलेत. तळाचे मराठीत, वरचे कन्नडमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला; त्याच्या आधी आणि नंतर आजोबा त्याच बांधावर उभे होते. शेत हललं नाही, विहीर हलली नाही. मरेपर्यंत ते कुणावर हात उगारायला गेले नाहीत, पण ‘आम्हाला कुणी विचारलं नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकलं. हत्यार उचलणं मलाही पटत नाही. पण माकींचं म्हणणं मुळात हेच एक वाक्य आहे.

१९९७ च्या ‘फॉर द युनिफॉर्म’ या भागात कप्तान सिस्को माकींना जाऊन मिळालेल्या एडिंग्टनला पकडायला माकींच्या एका ग्रहाच्या हवेत विष सोडतो. पन्नास वर्षं तिथं माणूस राहू शकणार नाही. आमच्याकडे तो भाग लागला तेव्हा सगळे ‘वा सिस्को’ म्हणाले. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. सिस्को माझा लाडका कप्तान आहे, आणि तरीही ते मला अजून सहन होत नाही.

खानापूर, औषधाच्या दुकानात काम करते

युनिव्हर्सल ट्रान्सलेटर ही या सगळ्या मालिकांतली कच्ची कल्पना आहे असं मला वाटतं. समोरचा बोलला की यंत्र लगेच आपल्या भाषेत ऐकवतं. मी घरात मराठी बोलते, आई गोव्याकडची म्हणून तिच्याशी कोंकणी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि शेजारच्या चाचींशी उर्दू. चारही भाषा येतात म्हणूनच सांगते, शब्द कळणं हे निम्मंच काम असतं.

एकदा जंगलाकडच्या गावातली एक अज्जी आली. म्हणाली, ‘होट्टे उरी.’ शब्दाला शब्द लावला तर पोटात आग. मी ॲसिडिटीची गोळी पुढं केली. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत काउंटरवर ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पोटातली जळजळ, मत्सर आणि जिवाची तळमळ, तिन्ही याच दोन शब्दांत मावतात. ‘एनाय्त्री अज्जी?’, काय झालं, असं विचारलं, तेव्हा कळलं की सून नातवाला घेऊन पुण्याला गेली ती दिवाळीलाही आली नव्हती. स्टुलावर बसवून पाणी दिलं. गोळी नेलीच नाही तिनं.

१९९१ चा ‘डारमॉक’ हा भाग सगळे डोक्यावर घेतात, मीही घेते. त्यात यंत्र शब्द देतं पण अर्थ लागत नाही, कारण टमेरियन लोक आपल्या कथांतले दाखले देऊनच बोलतात. पण पुढच्या भागात तेच यंत्र पुन्हा बिनचूक चालू! एवढं मोठं भोक दाखवून ते बुजवून टाकलं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून चाहते नावं ठेवतात ती २००१ ते २००५ ची ‘एंटरप्राइज’ मालिका मला जवळची. तिथं यानावरची दुभाषी होशी सातो कानानं भाषा धरते, चुकते, घाबरते आणि पुन्हा ऐकते. भाषा अशीच येते.

निपाणी

होय, मला ‘एंटरप्राइज’चं सुरुवातीचं गाणं आवडतं. चाहत्यांनी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या. असलं पॉप गाणं ‘स्टार ट्रेक’ला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, पहाटे निघताना ते लावतो. मागं चित्रं येतात ती शिडाच्या जहाजांची, पहिल्या विमानांची, चंद्रावरच्या माणसांची. बोल नीट कळत नव्हते तेव्हाही ऊर भरून यायचा. मला एवढं पुरतं.

चिकोडी तालुका, कृष्णाकाठ

प्राइम डायरेक्टिव्ह चुकीचा आहे. हे बोललं की चाहते अंगावर येतात, कारण मालिकेचा कणा तोच, असं मानतात. मागासलेल्या ग्रहाच्या कारभारात ढवळाढवळ नको, हे मलाही मान्य. बळकटानं दुबळ्याचं भलं करायला जाऊन काय केलं, ते आपल्या देशानं बघितलंय. पण ग्रहच फुटायला लागला तरी वरून बघत बसायचं, हे नियमात कसं बसवता?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं ते रात्री. गोठ्यात गुडघाभर झालं तेव्हा म्हशीचं दावं सोडायला गेलो तर गाठ भिजून आवळलेली, नखं तुटली तरी सुटेना. विळ्यानं कापलं. सकाळी आम्ही सातजण माळवदावर, खाली सगळा चॉकलेटी समुद्र. दुपारी एक नाव आली. नावेतल्या माणसाला आम्ही आयुष्यात बघितलं नव्हतं. त्यानं गाव विचारलं नाही, राज्य विचारलं नाही. ‘म्हातारी आधी’ एवढंच म्हणाला आणि माझ्या आईला लेकरागत उचलून घेतलं.

१९८९ च्या ‘पेन पॅल्स’ या भागात पिकार्डच्या यानावरच्या डेटा या यंत्रमानवाला एका लहान मुलीचा आवाज रेडिओवर सापडतो. तिचा ग्रह उकलत असतो. वर अधिकारी बसून नियमाचा खल करतात आणि मग तिचा आवाज खोलीत ऐकू येतो. पिकार्ड विरघळतो तो तिथं. हा भाग नियमाच्या बाजूचा आहे असं आमचे मित्र म्हणतात. मला तो नियमाविरुद्धचा पुरावा वाटतो. शेवटी तिची आठवण पुसून टाकतात, तेही मला मान्य नाही. मला त्या नाववाल्याचा चेहरा विसरायचा नाही.

शहापूर, पेटी शिकवतो

१९७९ चा पहिला सिनेमा, ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’, हाच सगळ्यांत चांगला. सगळे म्हणतात, संथ आहे, झोप येते. १९८२ चा ‘रॅथ ऑफ खान’ बघा म्हणतात. तो मी बघितलाय, तो द्रुत आहे. पण विलंबित ऐकायची सवय ज्याला आहे, त्याला पहिला सिनेमा संथ वाटायचं कारण नाही.

गोदीत उभं असलेलं एंटरप्राइज हे यान कर्कला दाखवायला स्कॉटी छोट्या यानातून नेतो, तो प्रसंग घ्या. कित्येक मिनिटं कथा पुढं सरकतच नाही. जेरी गोल्डस्मिथचा सूर आधी लपत येतो, एक कोपरा दाखवतो, मागं सरतो, मग यानाचा पुढचा भाग समोर आला की पूर्ण उलगडतो. समेवर येणं यालाच म्हणतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा तुकडा दाखवतो. इथून जवळच सुळेभावीत १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले. या मातीतल्या माणसानं संथपणाला दोष द्यावा, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. आणि इलियाचं काम करणारी पर्सिस खंबाटा आपल्या मुंबईची. भूमिकेसाठी तिनं डोकं भादरलं. तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी काढत नाही, त्याचंही दुःख आहे.

उद्यमबाग

सगळ्यांत मोठा माणूस कर्क नाही, पिकार्ड नाही. ‘डीप स्पेस नाइन’मधला दुरुस्तीवाला चीफ ओब्रायन. तो अधिकारीसुद्धा नाही. तो काम करतो ते अंतराळस्थानक कार्डॅशियनांनी बांधलेलं, त्यात स्टारफ्लीटची, म्हणजे फेडरेशनच्या अंतराळदलाची, सामग्री बसवायची, एक जोडलं की दुसरं बंद पडतं. मी कारखान्यात व्हीएमसी या धातू कापायच्या मशीनवर आहे, मशीन एका देशाचं, कंट्रोलर दुसऱ्या देशाचा, पुस्तक तिसऱ्याच भाषेत. रात्रपाळीला टूल मोडलं की मला ओब्रायनच आठवतो.

आणखी एक. ‘द इनर लाइट’मध्ये पिकार्ड काही मिनिटांत अख्खं आयुष्य जगून येतो, बासरी वाजवतो, सगळे रडतात. मी म्हणतो, १९९६ चा ‘हार्ड टाइम’ त्याहून खरा. ओब्रायनच्या डोक्यात वीस वर्षांच्या कैदेच्या आठवणी घालतात. घरी आल्यावर तो जमिनीवर झोपतो, अन्न लपवून ठेवतो, पोरीवर खेकसतो. आमच्याकडे फाउंड्रीत अपघात झालेला एक मित्र होता. बरा होऊन आल्यावर तो भट्टीकडं पाठ करून जेवायला बसत नव्हता. त्या भागातला ओब्रायन म्हणजे तोच.

बेळगाव, इंजिनिअरिंगला आहे

‘डिस्कव्हरी’ ही नवी मालिका हीच माझी ‘स्टार ट्रेक’. तिची नायिका मायकल बर्नम फार रडते म्हणून सगळे तिला हसतात. ती माणसाची मुलगी, पण वाढली व्हल्कन या परग्रहवासीयांत, जिथं भावना दाखवणं म्हणजे लाज. माझे पप्पा फौजेत. सुट्टी संपवून निघाले की आम्ही दारात ताठ उभं राहायचो, रडायचं नाही असा घरचा रिवाज. बर्नम रडते तेव्हा माझं रडून होतं.

गोकाक

मी घरी कन्नड बोलतो, नोकरीमुळं मराठी लिहायला शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या. माकींबद्दल लिहिलेलं वाचलं. आजोबांचं दुःख पटलं, मत नाही पटलं, अण्णा. सिस्कोनं विष सोडलं ते दिसलं, पण त्याआधी माकींनी कार्डॅशियन वसाहतींवर विष सोडलेलं असतं, त्यांना घरं टाकून पळावं लागलेलं असतं. त्या तहात काही कार्डॅशियन शेतकरीही रेघेच्या चुकीच्या बाजूला पडले होते. एवढ्या वर्षांत त्यांच्यातल्या एकाचंही स्वयंपाकघर आपल्याला कुणी दाखवलं नाही. माझ्या मते ‘डीप स्पेस नाइन’ची सगळ्यात मोठी चूक ती. आणि शेवट आठवा : दोन्हीकडचे बेघर लोक एकमेकांच्या सोडलेल्या ग्रहांवर राहायला जातात. हे एका वाक्यात उरकलंय. त्यावर अख्खी मालिका व्हायला हवी होती.

टिळकवाडी, पुन्हा

गोकाकचे अण्णा, तुमचं दोनदा वाचलं. शेवटची अदलाबदल मला आठवतच नव्हती, कारण मी तोवर स्वयंपाकघरात होतो. येत्या बैठकीला तोच भाग लावू. या वेळी पूर्ण बघतो. एक काम मात्र आहे. पेटीतले वरचे कागद हातानं लिहिलेले आहेत. छापील कन्नड मी अडखळत वाचतो, पण ते अक्षर मला लागत नाही. चष्मा घेऊन तासभर आधी या.