सोलापूर ते पुणे घर शिफ्टिंग: तीन कोटेशन, तिन्ही वेगळी, कुणाचं खरं मानायचं?

आसराचौकवाला
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातलं आमचं २ बीएचके पुण्याला हलवायचंय. तिथं मांजरी भागात भाड्यानं फ्लॅट घेतलाय, पाचवा मजला, लिफ्ट आहे. पोरीची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, त्याआधी उरकायचंय. तीन पॅकर्सवाल्यांशी बोललो. पहिल्यानं सामान न बघताच व्हॉट्सअॅपवर १३ हजार सांगून टाकले. दुसऱ्यानं व्हिडिओ कॉलवर घर फिरवून बघितलं, २१ हजार अधिक जीएसटी. तिसरा माणूस घरी आला, कपाटं उघडून बघितली, माळ्यावर टॉर्च मारला, चहा घेतला आणि २७ हजार म्हणाला. अंतर सगळ्यांना तेच, अडीचशे किलोमीटर, मग एवढा फरक कसा काय? बायको म्हणते १३ वाला घ्या, आई म्हणते कुणालाच नको, चुलते टेम्पो घेऊन येतील. आणि आईचं आजोबांच्या काळातलं सागवानी कपाट आहे, ते सुटं होत नाही, त्याचीच जास्त काळजी लागलीय. एवढ्यात कुणी केलं असेल तर सांगा की.

भाकरी_कडक
१३ वाल्याच्या नादाला लागू नका बे. मी लागलो होतो. नाव घेत नाही, पण असंच फोनवर स्वस्तात ठरलं, विजापूर रोडवरनं संध्याकाळी गाडी भरून गेली, आम्ही एसटीनं मागनं. सकाळी पुण्यात पोचलो तर फोन, साहेब सामान जास्त निघालं, नऊ हजार वाढीव द्या नाहीतर गाडी गोडाऊनला लावतो, त्याचं भाडं वेगळं. आता घरातली सगळी भांडी, गाद्या, पोराची पुस्तकं त्याच्या गाडीत, भांडणार कुणाशी? दिले मुकाट्यानं. नंतर कागद काढून बघितला तर कोटेशनवर लिहिलेलं एवढंच, 'घरगुती सामान, एक लॉट'. एक लॉट म्हणजे किती ते त्यानंच ठरवायचं!

बुकिंग_काउंटर
ट्रान्सपोर्टच्या धंद्यात बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. १३ हजार म्हणजे दरवेळी फसवणूकच असं नाही. पुण्याहून माल घेऊन आलेली गाडी रिकामी परत जायच्या ऐवजी कमी भाड्यात सामान भरते, त्याला रिटर्न लोड म्हणतात. किंवा तुमचं सामान अजून दोघातिघांच्या सामानाबरोबर एकाच गाडीत जातं, म्हणजे पार्ट लोड. त्यात पैसे वाचतात पण वाटेत गाडी बदलते, सामान दोनदा उतरतं-चढतं, आणि कपाटाचे कोपरे नेमके तिथंच जातात. म्हणून आधी एकच विचारा, गाडी पूर्ण माझी का शेअरिंग? किती फुटी? २ बीएचकेला साधारण १४ फुटी आयशर लागते, छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, बसवतो म्हणणाऱ्याला दोन फेऱ्या मारायच्यात असं समजा.

मग कोटेशनवर काय काय धरलंय ते बघा. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार टोलनाके आहेत, टोल कुणाचा? पाचव्या मजल्यावर चढवायची हमाली आत का बाहेर? पलंग सोडवून परत जोडून देणार का? हे लिहून आलं की २१ आणि २७ मधला निम्मा फरक तिथंच कळेल.

बिल्टी म्हणजे एलआर, ट्रान्सपोर्टवाल्यानं माल ताब्यात घेतल्याची पावती, ती घेतल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका. त्यावर सामानाची यादी आणि किंमत दोन्ही पाहिजे. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात आणि त्याच्या नियमात असं आहे की तुम्ही जास्त किंमत जाहीर करून जादा रिस्क दर भरला नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच, आणि जाहीर केलेल्या किमतीच्या वर कधीच नाही. लोक किमतीचा रकाना मोकळा सोडतात आणि मग रडतात. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नुसत्या फोनवरच्या शिव्या त्यात धरत नाहीत.

होटगीरोडची_काकू
वरचं सगळं बरोबर, फक्त एक, पॅकर्सवाला 'इन्शुरन्स तीन टक्के' म्हणतो तेव्हा विमा कंपनीची पॉलिसी येणार का तो स्वतःच्या पावतीवर लिहून देणार ते विचारा. पावतीवर 'ओनर्स रिस्क' छापलेलं असेल तर पैसे घेऊन वर नुकसान आपल्याच डोक्यावर. जीएसटी नंबरही पोर्टलवर टाकून बघा, १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, नाव दुसऱ्याचंच निघालं तर तिथंच सोडा. अॅडव्हान्स थोडाच द्या, बाकी सामान उतरल्यावर.

आता कपाट. नव्या फ्लॅटच्या लिफ्टची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी टेपनं मोजून घ्या. आमचं कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही, चार मजले जिन्यानं न्यावं लागलं, हमालांनी तिसऱ्या मजल्यावर बसून दर वाढवला, आणि मला त्यांचंही चूक वाटलं नाही कारण आधी सांगितलंच नव्हतं आपण. पॉलिशवर थेट प्लॅस्टिक गुंडाळू देऊ नका, आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत ते चिकटतं. आधी जुन्या सोलापुरी चादरी गुंडाळा, मग वरून त्यांचं काय ते बबल आणि पुठ्ठा. घरात दहा-बारा चादरी असतीलच, नसतील तर सोलापूरकर कसले तुम्ही!

आणि मांजरीच्या सोसायटीला आत्ताच फोन करा. काही ठिकाणी एनओसी लागते, लिफ्ट ठरावीक वेळेतच देतात, रविवारी शिफ्टिंग करूच देत नाहीत.

आसराचौकवाला
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. १३ वाल्याला विचारलं गाडी पूर्ण का शेअरिंग, तर म्हणाला 'साहेब तुम्ही टेन्शन घेऊ नका'. घेतलं टेन्शन, आणि त्याला सोडला. २१ वाल्यानं यादी पाठवली पण त्यात माळ्यावरचं काहीच नाही, व्हिडिओ कॉलला माळा दाखवायचाच राहिला होता, चूक माझीच. आता शेगडी, सिलेंडर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचं काय करायचं तेपण सांगा.

भाकरी_कडक
सिलेंडर गाडीत टाकू नका, चांगला पॅकर्सवाला घेतपण नाही. एजन्सीत सिलेंडर, रेग्युलेटर आणि पुस्तक घेऊन जा, ते जमा करून व्हाउचर आणि डिपॉझिट परत देतात, पुण्यात तेच व्हाउचर दाखवून कनेक्शन घ्यायचं. व्हाउचर जपा फक्त. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पाणी काढा, गाडीत उभाच पाहिजे, पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करा. मशीन समोरून दार असलेलं असेल तर घेताना मागं लावून आलेले लांब बोल्ट शोधा, ते लावल्याशिवाय हलवलं तर आतला ड्रम हादरतो. आमचे सापडले नव्हते, देवघराच्या ड्रॉवरमध्ये निघाले, शिफ्ट झाल्यावर.

बुकिंग_काउंटर
तारखेचं एक राहिलं. जूनमध्ये जाणार असाल तर पालखीचं वेळापत्रक बघून तारीख धरा. तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की लोणी काळभोर, यवत, वरवंड करत पाटसपर्यंत आपल्याच हायवेनं येते, त्या दिवसांत वाहतूक वळवतात आणि मांजरी तर त्याच तोंडाला. वारकऱ्यांच्या गर्दीत आयशर अडकली की हमाल तिकडं लिफ्टजवळ बसून राहणार. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार दर चढे असतात, मधला मंगळवार-बुधवार मागा.

पूर्वभाग_पोट्टा
आणि ते पाण्याचे ड्रम नेऊ नका लेको. चार-पाच दिवसांनी पाणी यायचं म्हणून साठवलेले चार ड्रम, टाक्या, हंडे, सगळं यादीत आलं तर १४ फुटीचं १७ फुटी होईल.

आसराचौकवाला
ड्रमांवरनंच काल घरात भांडण झालं ओ. आई म्हणते पुण्यात टँकरवर जगतात लोक, ड्रम पाहिजेतच. शेवटी असं ठरलं की दोन ड्रम न्यायचे, पण रिकामे नाहीत, त्यात पितळेची भांडी जुन्या साड्यांत गुंडाळून भरायची, म्हणजे तेवढे खोके वाचले. २७ वाल्याला माळ्यासकट यादी, पूर्ण गाडी, टोल आणि जिन्याची हमाली असं सगळं लिहून द्यायला सांगितलं तर २५ वर आला, जीएसटी धरून. २१ वाला माळा बघून २४ अधिक जीएसटी म्हणाला. बुधवारची तारीख घेतलीय. चुलत्यांना बोलवलंयच, टेम्पो नको पण कपाटाजवळ उभं राहायला माणूस पाहिजे.