दोष बाह्यांचा नाही, कापडाचा
गोव्याच्या घामात फुल बाह्यांचा फॉर्मल शर्ट नकोच, हाफ शर्टच बरा, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. पॉलिस्टर मिसळलेलं कापड घाम फारसा शोषत नाही, अंगाला चिकटतं. पणजीत बसमधून उतरून ऑफिस गाठेपर्यंत पाठ चिंब. मी शुद्ध सुती पॉपलिन (साध्या, घट्ट विणीचं कापड) घेऊन म्हापशाला शिवून घेतो. शिंप्याकडे देण्याआधी कापड भिजवून वाळवतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात शर्ट आटतो.

माप घेताना खांदा आधी बघा. शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. बाकीचं नंतर दुरुस्त होतं, खांदा सहसा होत नाही. गळ्याचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जावीत. खालची कड गोलाईची असेल तर शर्ट खोचायचाच, सरळ असेल तर बाहेरही शोभतो. लग्नात कोट घालणार असाल तर बाही अर्धा इंच बाहेर दिसू द्या.

आणि पावसाळ्यात इस्त्रीची वाफ पूर्ण गेल्याशिवाय शर्ट कपाटात ठेवू नका. पांढऱ्या कॉलरवर बुरशीचे ठिपके पडले की जाता जात नाहीत, माझे दोन चांगले शर्ट असेच गेले.