अनुभव धागा: तुमच्या घरी मिस्ड कॉलच्या किती घंटांना काय अर्थ होता?

खिडकीतली
काल कपाट आवरताना जुना बटणांचा फोन सापडला. आकडे पुसून गेलेत, पण ५ वरची ती बारीक टिकली अजून बोटाला लागते. हातात घेतला आणि मावशीच आठवल्या. आमच्याकडे कामाला यायच्या. त्यांचा असाच होता, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर. वाचता यायचं नाही, पण मुलाच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे नक्षीसारखे ओळखायच्या. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे उशीर होईल, तीन म्हणजे जिथून जमेल तिथून फोन कर. बॅलन्स महिनोन्महिने तेवढाच!
बाबांकडे ऑफिसचा फोन, बिल ऑफिसचं. तास तास बोलायचे. पण रेंज गेली की दोघंही गच्चीवर. एका कठड्याशी बाबा, दुसऱ्याशी मावशी, दोघांचं "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का" चालू. एकच टॉवर ना शेवटी.
तुमच्याकडचं लिहा.

आळशी_कासव
आमच्या आईने एकदा घंटा मोजायचं सोडून चुकून उचलला. "उचललास कशाला, पैसे गेले ना!" हे तिला समजावण्यात दादाची पूर्ण दोन मिनिटं गेली 😂

चष्मिष
उचलेपर्यंत मीटर पडत नाही, सगळी गंमत त्यातच. नेटवर्कने फोन शोधायचा, वाजवायचा, नंबर दाखवायचा, सगळं फुकट.
एसेमेसचं सांगतो. एका मेसेजमध्ये जागा १४० बाइट (एक बाइट म्हणजे ८ बिट). इंग्रजी अक्षरं ७ बिटांत मावतात म्हणून १६०. देवनागरीला एका अक्षराला १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. एकाहत्तरावं आलं की दोन मेसेजचे पैसे.

पावसाळी
अय्या, म्हणून आपण सगळं इंग्रजी लिपीत लिहायचो? मला वाटायचं फॅशन आहे!

आळशी_कासव
म्हणजे आईच्या "सुखरूप पोचलीस का, जेवलीस का" मधली एकेक वेलांटी मोजली जायची. बरं झालं तिला टायपायला यायचं नाही.

रात्रपाळी
मी तेव्हा रात्री पहारा करायचो. नोकिया ११००. लोकांना तो साधा वाटायचा, मला त्याची बॅटरीच हवी होती (टॉर्च). कीपॅडवर रबराचं अखंड आवरण, धूळ आत जात नाही. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायचं नाही. २००३ ला आला, पंचवीस कोटींच्या आसपास खपला म्हणतात. आमचे साहेब दोन फोन बाळगायचे, एक भारीतला आणि एक हा. दुपारी भारीतला झोपला की सिम काढून ह्यात.

निवांत
बारीक पिनचा चार्जर आहे का कुणाकडे? विषय निघालाच आहे म्हणून विचारतो.

उंटावरचा
कामानिमित्त दोन वर्षं नैरोबीत होतो. पहिल्या महिन्यात घरमालकाला भाडं द्यायला बँकेच्या रांगेत उभा, हातात महागडा स्मार्टफोन. आमच्या इमारतीचा रखवालदार बटणांच्या फोनवरून गावी बायकोला पैसे पाठवून मोकळा. एम-पेसा. २००७ पासून चालू आहे तिकडे. इंटरनेट नको, सिममधलाच मेनू, पिन टाकला की झालं. पलीकडची व्यक्ती गावातल्या एजंटकडून रोख घेते. त्यानेच मला शिकवलं, वर विचारलं, "साहेब, तुमच्याकडे हे नाही?" काय सांगणार!

पावसाळी
@उंटावरचा, भारी. नैरोबीवर वेगळा धागा काढा ना. प्राणी बघितले का?

उंटावरचा
जिराफ, ऑफिसला जाताना. काढतो सवडीने.

दोन_सिमवाली
माझी तक्रार. मी छोट्या रिचार्जवाली. न मागता कॉलर ट्यून लागली, निम्मा बॅलन्स गिळला. कंपनीचं नाव नको. तक्रार करायला एक दाबा, दोन दाबा, शेवटी "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" आणि कट. वहिनी पोस्टपेडवाली, तिला तिसऱ्या मिनिटाला जिवंत माणूस मिळाला, सॉरी म्हणाला, पैसेही परत.
तरी प्रीपेडला मी नावं ठेवणार नाही. बिलवाल्या फोनला पगाराचा कागद लागायचा, पत्त्याचा पुरावा लागायचा. आमच्याकडे दोन्ही नव्हते. तेव्हा आधी पैसे दिले की कुणी फारसं काही विचारायचं नाही.

चष्मिष
हो, खरी उडी तीच. नाहीतर १९८३ मध्ये बाजारात आलेला मोटोरोलाचा तो विटेएवढा फोन ३,९९५ डॉलरचा होता. दहा तास चार्ज करा, अर्धा तास बोला. खिशापेक्षा खांदा मजबूत हवा.

कोपऱ्यातला
टॉवर एकच हे ऐकायला गोड आहे, पण आता तसं राहिलंय का? परवा आजोबांना दवाखान्यात नंबर लावायचा होता. फक्त अॅपवर. आजोबांच्या बटणांच्या फोनवर ओटीपी अगदी वेळेवर आला, तोच कोट्यधीशाला येतो तसा सहा आकडी. तो टाकायचा कुठे? आजोबा फोन हातात धरून मला आकडे वाचून दाखवतायत, मी माझ्या फोनवर टाकतोय. मी नसतो तर?

रात्रपाळी
खरंय. आमच्या सोसायटीत आता गेटवर पण अॅपच आलंय.

निवांत
चार्जर??

खिडकीतली
@निवांत, माझ्याकडे आहे, व्यनि (खासगी निरोप) करा. मी आत्ताच लावणार होते.

चष्मिष
थांबा! आधी मागचं झाकण बघा. इतकी वर्षं पडून असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, मग चार्जिंगला अजिबात लावू नका. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा, टिचकी मारा, गरगर फिरली तर फुगलीये.

खिडकीतली
फिरतेय. चांगले दोन वेढे. लेकाने भिंगरी समजून पळवलीये, आधी काढून घेते त्याच्याकडून.